नववी ते बारावी : क्रॉस कंट्रीतील चार वर्षांचा हिशेब

आमच्या न्यू जर्सीतील घरात स्वयंपाकघराच्या भिंतीवर दर वर्षी कालनिर्णय लागते. सांगलीला माझी आई त्याच्या चौकटींत दुधाचा आणि गॅसच्या सिलिंडरचा हिशेब लिहीत असे. मी सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या चौकटींत मुलांच्या शर्यतींचे टायमिंग लिहीत आले. थोरला मुलगा २०१६ ते २०१९ आणि धाकटी मुलगी २०२१ ते २०२४, असे दोघेही एकाच हायस्कूलच्या क्रॉस कंट्री संघातून चार-चार वर्षे धावले. वर्ष संपले की बाकीचे कॅलेंडर रद्दीत जाई, पण त्या तीन महिन्यांची पाने मी काढून ठेवत असे. गेल्या महिन्यात कपाट आवरताना ती चोवीस पाने एकत्र हाती आली आणि जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडून मी बराच वेळ बघत बसले. मुलाच्या आकड्यांतून एक सरळ उतरती रेघ ओढता येते. मुलीच्या आकड्यांतून ती ओढता येत नाही. तरीही दोघांची प्रगती सारखीच खरी आहे असे मला वाटते, आणि तसे का वाटते ते नीट मांडावे म्हणून हे लिहायला घेतले आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. अमेरिकेत हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी ही चार वर्षे. क्रॉस कंट्रीचा हंगाम ऑगस्टच्या मध्यापासून सरावाने सुरू होतो आणि नोव्हेंबरमध्ये राज्य स्पर्धेने संपतो. शर्यत बहुतेक ठिकाणी पाच किलोमीटरची, मुलांचीही आणि मुलींचीही. ती ट्रॅकवर नसते, तर गवतावर, चिखलात, झाडांच्या मुळांवरून, टेकडीच्या चढ-उतारांवर असते. या खेळात सहसा कुणाला संघातून वगळत नाहीत. बास्केटबॉलच्या निवडीत नाव न आलेली मुले इथे येतात, फक्त मैत्रीण आहे म्हणून मुली येतात, आणि ज्यांना आयुष्यात पहिल्यांदा एक मैल न थांबता धावायचे आहे अशीही मुले येतात. माझा मुलगा त्यांपैकीच एक होता. शाळेचा पहिला म्हणजे ‘व्हर्सिटी’ संघ सात जणांचा असतो. बाकीचे सगळे दुसऱ्या, ‘ज्युनियर व्हर्सिटी’च्या शर्यतीत धावतात, पण सराव सगळ्यांचा एकत्रच होतो.

गुण मोजण्याची पद्धत समजायला मला एक अख्खा हंगाम लागला. सातांपैकी पहिल्या पाच जणांचे क्रमांक मिळवतात आणि ज्या संघाची बेरीज कमी तो जिंकतो. पहिले पाचही क्रमांक एकाच संघाने घेतले तर बेरीज पंधरा, त्याहून चांगले काही नाही. सहावा आणि सातवा यांचे क्रमांक मिळवत नाहीत, पण ते दुसऱ्या संघाच्या पाचव्याच्या पुढे आले तर त्याचा क्रमांक मागे ढकलतात. या पद्धतीमुळे सुधारणेची किंमत सगळ्यांसाठी सारखी राहत नाही. सर्वांत पुढे धावणाऱ्या मुलाने दहा सेकंद कमी केले तर संघाला एखाद-दुसरा क्रमांक मिळतो, कारण तिथे धावणारे विरळ असतात. घोळक्याच्या मधोमध असलेल्या पाचव्या मुलाने तेच दहा सेकंद कमी केले तर मोठ्या शर्यतीत तो एकदम दहा-पंधरा जणांना मागे टाकतो. म्हणून चांगले प्रशिक्षक आपल्या सर्वोत्तम मुलावर जितके लक्ष देतात त्याहून अधिक चौथ्या ते आठव्या क्रमांकाच्या मुलांवर देतात, आणि नववीत शेवटून तिसरा येणारा मुलगा बारावीत संघाचा पाचवा होणे हीच या खेळातील सर्वांत मोलाची घटना असते. मला वाटते, शाळेने खेळाकडून काय मिळवावे याचे याहून चांगले उत्तर क्वचितच सापडेल.

आता टायमिंगकडे वळते. पहिल्या दोन वर्षांत मी एक मोठी चूक करत होते. एका शनिवारी सपाट मैदानावर मुलाने २०:१० असे टायमिंग दिले आणि पुढच्या शनिवारी डोंगराळ बागेत २१:०५ दिले, तर आठवड्याभरात तो मंदावला असे मी समजत असे आणि घरी येताना गाडीत त्याला तसे बोलूनही दाखवत असे. ट्रॅकवरच्या पाच हजार मीटरला जो अर्थ असतो तो क्रॉस कंट्रीच्या पाच किलोमीटरला नसतो. चढ किती, गवत किती वाढलेले, आदल्या रात्री पाऊस पडला का, हवेत उकाडा किती, वळणे किती अरुंद, या सगळ्यांनी मिनिटभराचा फरक सहज पडतो. तेव्हा तुलना करायची तर त्याच जागेची त्याच जागेशी आणि शक्यतो वर्षाच्या त्याच आठवड्यात करावी. आमच्यासाठी ती जागा म्हणजे होल्मडेल पार्क. न्यू जर्सीच्या राज्य स्तरावरील अंतिम शर्यती तिथेच होतात, आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला तिथे एक मोठी निमंत्रितांची स्पर्धा असते, जिच्यात नववीच्या नवख्या मुलांपासून सगळ्यांना धावायला मिळते. सुरुवातीलाच चढ लागतो, आणि पुढे ‘बोल’ नावाची प्रसिद्ध जागा येते. बोल म्हणजे वाडगा: पायवाट एकदम खाली कोसळते आणि तशीच समोरून वर चढते. उतरताना मुलांचे पाय आपोआप सुटतात आणि वर येताना त्याच पायांत कुणीतरी शिसे ओतल्यासारखी त्यांची चाल होते. मी दर वर्षी त्या वाडग्याच्या काठावर उभी राहत असे, कारण कोण किती तयार आहे हे तिथे दहा पावलांत कळते.

तर फक्त होल्मडेलचे आकडे घेते. मुलगा नववीत २२:४०, दहावीत १९:५०, अकरावीत १८:३५ आणि बारावीत १७:५८. म्हणजे पहिल्या वर्षाअखेरीस दोन मिनिटे पन्नास सेकंद कमी झाले, दुसऱ्या वर्षी एक मिनिट पंधरा सेकंद, तिसऱ्या वर्षी सदतीस सेकंद. टक्केवारीत मांडले तर साधारण साडेबारा, सहा आणि तीन. दर वर्षीची सुधारणा आधीच्या वर्षाच्या निम्मी. त्याच्या प्रशिक्षकांनी पहिल्याच पालकसभेत सांगितले होते की असेच होणार आहे, आणि दुसऱ्या वर्षाचा आनंद तिसऱ्या वर्षी मागू नका. तेव्हा ते मला मुलांना धीर देण्यासाठीचे बोलणे वाटले होते.

त्यामागची कारणे मला हळूहळू कळत गेली. नववीतला मुलगा चौदा वर्षांचा असतो. त्याची उंची भराभर वाढत असते, आणि पुढच्या तीन वर्षांत टेस्टोस्टेरॉनमुळे त्याचे स्नायू, हृदय आणि रक्तातील हिमोग्लोबिन हे सगळेच वाढते. त्याने काही न करता नुसती चार वर्षे घालवली असती तरी तो थोडाफार वेगवान झालाच असता. त्यावर सरावाची भर पडते. संथ, बोलता बोलता धावता येईल अशा गतीने महिनोन्महिने धावले की हृदयाच्या एका ठोक्याबरोबर अधिक रक्त बाहेर पडू लागते, स्नायूंत बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे दाट होते आणि पेशींची प्राणवायू वापरण्याची ताकद वाढते. या गोष्टी आठवड्यात होत नाहीत, पण एकदा झाल्या की त्यांच्यावर पुढच्या वर्षाची भर टाकता येते. उलट ट्रॅकवरच्या जोरकस फेऱ्यांचा लाभ चार-सहा आठवड्यांत दिसतो आणि तितक्याच लवकर आटतो. म्हणून अनुभवी प्रशिक्षक उन्हाळ्याला एवढे जपतात. आमच्या संघात नववीची मुले आठवड्याला पंधरा-वीस मैल धावत आणि बारावीपर्यंत हाच आकडा पंचेचाळीसच्या आसपास जात असे. जुलैच्या सकाळी सहा वाजता शाळेच्या पार्किंगमध्ये जमणारी पंधरा-वीस मुले नोव्हेंबरमध्ये कुठे असतील, हे त्या पार्किंगमध्येच ठरत असे. हाडे आणि स्नायुबंध मात्र हृदयाइतक्या लवकर तयार होत नाहीत. दहावीच्या वर्षी श्वास साथ देतो म्हणून मुले अंतर वाढवतात आणि नडगी दुखायला लागते. आमच्याकडे त्या वर्षी तीन आठवडे बर्फाची पिशवी आणि सायकल यांवर गेले.

एक सुधारणा मात्र शरीरातली नसून डोक्यातली असते. नववीतल्या त्या शर्यतीत मुलाचा पहिला मैल ६:२८ मध्ये झाला आणि पुढचे दोन्ही साडेसात मिनिटांच्या वर गेले. बंदूक वाजली की सगळे सुटतात म्हणून तोही सुटला, आणि पहिला चढ संपायच्या आत त्याचे इंधन संपले. बारावीत त्याच वाटेवर त्याचे तीन मैल ५:४८, ५:५५ आणि ५:४२ असे झाले. पहिल्या चढावर दोनशे मुलांना पुढे जाऊ देण्याचे धैर्य त्याला तीन वर्षांत मिळाले. कोणता मुलगा कुठे दमणार, वळणावर आतली बाजू कधी धरायची, वाडग्यातून वर येताना मान खाली का घालायची नाही, हे सगळे धावून धावूनच येते.

इथे एका फसगतीविषयी सांगितले पाहिजे, कारण पुष्कळ पालक तिला बळी पडतात. शाळेच्या संकेतस्थळावर सगळ्या वर्षांचे निकाल असतात, आणि इयत्तेनुसार सरासरी काढली तर बारावीची मुले नववीच्या मुलांपेक्षा कितीतरी वेगवान दिसतात. त्यावरून चार वर्षे टिकले की एवढी सुधारणा होतेच असा निष्कर्ष मीही काढला होता. पण नववीत सुरू करणाऱ्यांपैकी पुष्कळ जण बारावीपर्यंत राहत नाहीत. कुणी दुखापतीने जातो, कुणी वाद्यवृंदाकडे वळतो, कुणाला कंटाळा येतो. आणि जे मागे असतात तेच बहुधा आधी सोडतात. बारावीच्या सरासरीत उरलेल्यांचीच मोजदाद असते. खरी प्रगती पाहायची तर एकेका मुलाचे चार आकडे एका ओळीत लिहून पाहावे लागतात. कॅलेंडरच्या चौकटींचा मला हा अनपेक्षित उपयोग झाला. आणखी एक: चोवीस मिनिटांवरून बावीसवर येणे आणि साडेसोळावरून सोळावर येणे यांत दुसरी गोष्ट पुष्कळ अवघड आहे. मिनिटे कमी झाली म्हणून पहिल्याचे अधिक आणि दुसऱ्याचे कमी कौतुक करणे हा अन्याय आहे, आणि पहिल्याला कमी लेखणे हाही.

आता मुलीकडे येते. तिचे होल्मडेलचे आकडे असे: नववीत २१:५५, दहावीत २१:२०, अकरावीत २२:३०, बारावीत २१:०२.

ती नववीत आली तेव्हा भावाच्या पहिल्या वर्षापेक्षा पाऊण मिनिटाने पुढे होती, आणि आम्ही सगळ्यांनी मनातल्या मनात त्याचीच उतरती रेघ तिच्या आकड्यांना लावून टाकली. दोन मिनिटे, मग एक, मग अर्धे. बारावीत अठराच्या आसपास. कुणी तोंडाने बोलले नाही, पण मुलांना हे न बोललेले ऐकू येते. दहावीत पस्तीसच सेकंद कमी झाले तेव्हा घरी आल्यावर तिने बूटही न काढता विचारले, “आई, दादाचे तर किती कमी झाले होते गं?” मी काय उत्तर दिले ते आठवत नाही. बरे दिले नसावे.

मुलींच्या शरीराचा हिशेब वेगळा असतो आणि तो कुणी आधी सांगत नाही. ज्या वर्षांत मुलाच्या रक्तात हिमोग्लोबिन वाढते त्याच वर्षांत मुलीच्या रक्तात ते तसे वाढत नाही, उलट पाळीतून लोह जात राहते. शरीरात आवश्यक ती चरबी वाढते, कंबर रुंदावते, शरीराचा तोल बदलतो, आणि जे शरीर तेराव्या वर्षी विनासायास चढावर जात होते त्याला तोच चढ नव्याने शिकावा लागतो. म्हणून पुष्कळ मुलींचे टायमिंग दहावी-अकरावीत जागच्या जागी थांबते किंवा मागे जाते, आणि शरीर स्थिरावले की पुन्हा सुधारू लागते. हा आजार नव्हे आणि अपयशही नव्हे; एक मुलगी बाई होत आहे, एवढेच. पण नेमक्या याच काळात कुणीतरी तिला सांगते की वजन कमी कर म्हणजे वेगवान होशील. माझ्या मुलीला ते एका उन्हाळी शिबिरात एका मोठ्या माणसाने सांगितले, सगळ्या मुलींसमोर, अगदी सहज. ते तिने मला वर्षभर सांगितले नाही.

अकरावीच्या त्या शरद ऋतूत ती पूर्वीपेक्षा जास्त धावत होती आणि कमी खात होती. डब्यातली पोळी परत येई. मी म्हणे, अभ्यासाचा ताण असेल. तिची पाळी तीन महिने आली नव्हती आणि तेही मी परीक्षांच्या खात्यावर टाकले होते. माझ्या आईने हा विषय माझ्याशी कधी मोकळेपणाने काढला नाही आणि मीही माझ्या मुलीशी काढला नव्हता. होल्मडेलला त्या वर्षी मी नेहमीच्या जागी उभी होते. वाडग्यातून वर येताना तिची नजर समोर कुठेच नव्हती, हात छातीशी गोठल्यासारखे होते, आणि तिच्या मागून येणाऱ्या मुली दोन्ही बाजूंनी पाणी वाहावे तशा निघून जात होत्या. अंतिम रेषेपलीकडे ती गवतावर बसली आणि म्हणाली, “माझे पाय माझे नाहीत असे वाटते.”

पहिल्या तपासणीत हिमोग्लोबिन ठीक आहे असे सांगून आम्हाला परत पाठवण्यात आले. संघातल्या एका मुलीच्या आईने, ती स्वतः परिचारिका आहे, मला सांगितले की फेरिटिन तपासा. फेरिटिन म्हणजे शरीरातील लोहाचा साठा. हिमोग्लोबिन घसरण्याच्या आधी तो रिता होऊ लागतो, आणि लांब पल्ल्याच्या धावपटू मुलींमध्ये हे फार वेळा आढळते. माझ्या मुलीचा आकडा अकरा निघाला, म्हणजे फारच कमी. दुसऱ्या डॉक्टर बाईंनी तिला एकटीला आत घेऊन अर्धा तास बोलल्यानंतर मला बोलावले आणि स्पष्ट शब्दांत सांगितले की ही केवळ लोहाची गोष्ट नाही. ती जेवढी ऊर्जा खर्च करते तेवढी खातच नाही. या अवस्थेला रेड-एस असे नाव आहे, आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये त्यावर आपले निवेदन प्रसिद्ध केले, आणि त्यात पाळी थांबणे, हाडे ठिसूळ होणे, सतत थकवा हे सगळे येते. हाडांची भक्कम भर याच वयात पडायची असते आणि या वर्षांत राहिलेली उणीव पुढे भरून काढणे कठीण असते. त्या दिवशी गाडीत आम्ही दोघी बराच वेळ चावी न फिरवता बसून होतो. तिने शिबिरातले ते वाक्य मला तेव्हा सांगितले.

पुढचे काही महिने घरातल्या स्वयंपाकावर गेले. आम्ही शाकाहारी आहोत, त्यामुळे लोह मिळवणे अधिक विचाराचे काम होते. आईची लोखंडी कढई मी सांगलीहून बॅगेतून आणली होती आणि ती दहा वर्षे कपाटात पडून होती. ती बाहेर आली. पालेभाज्या, मसूर, नाचणी, अळिवाचे लाडू हे सगळे आले, जेवणात लिंबू आले, कारण त्यातील क जीवनसत्त्वाने लोह शोषले जाते, आणि जेवणाबरोबरचा चहा बंद झाला, कारण तो ते नीट शोषू देत नाही. डॉक्टरांनी गोळ्या एक दिवसाआड दिल्या. मुख्य म्हणजे धावण्याच्या आधी आणि नंतर काहीतरी खाणे हा नियम झाला आणि तो तिने स्वतः पाळला. त्या हिवाळ्यात ती अडीच महिने धावली नाही. प्रशिक्षकांनी तिला संघातच ठेवले. ती वेळ घेण्याचे काम करी. घरच्या मैदानावरील छोट्या लढतींत अंतिम रेषेनंतर दोरीच्या अरुंद वाटेत उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात क्रमांकाचा पुठ्ठा द्यायचा असतो. ते काम मी अनेक वर्षे केले आहे. घामाने ओला, थरथरता हात समोर येतो, तो पुठ्ठा नीट धरूही शकत नाही, आणि तरीही प्रत्येक जण आधी आकडा बघतो. चौऱ्याहत्तर आला तरी बघतो.

त्या काळात मी नामवंत धावपटूंच्या हायस्कूलच्या नोंदी शोधून वाचत असे, आणि त्यातून एकच सरळ नियम निघत नाही हे पाहून मला बरे वाटे. मिशिगनचा ग्रँट फिशर २०१३ आणि २०१४ अशी दोन वर्षे सॅन दिएगोच्या बॅल्बोआ पार्कमधील राष्ट्रीय हायस्कूल स्पर्धेत पहिला आला आणि त्यानंतर दहा वर्षांनी, २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये, पाच आणि दहा हजार मीटर अशा दोन्ही शर्यतींत त्याला कांस्यपदके मिळाली. न्यूयॉर्कची केटलिन टुओही २०१७, २०१८ आणि २०१९ असे तीनदा नायकी क्रॉस नॅशनल्स ही हायस्कूलची दुसरी राष्ट्रीय स्पर्धा जिंकली, आणि २०२२ मध्ये विद्यापीठांची राष्ट्रीय विजेती झाली. ही लवकर उमललेली आणि टिकलेली उदाहरणे. पण आपल्या बीड जिल्ह्यातील मांडव्याचा अविनाश साबळे शाळेच्या वयात कोणत्याही मोठ्या स्पर्धेच्या हिशेबात नव्हता. शाळा सहा किलोमीटर दूर होती म्हणून तो धावत होता. बारावीनंतर सैन्यात गेला, क्रॉस कंट्रीची पहिली गंभीर स्पर्धा २०१५ मध्ये सैन्यातच धावला, आणि २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८:११.२० अशा वेळेत तीन हजार मीटर स्टीपलचेसचे, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीचे, रौप्यपदक घेऊन आला. अठराव्या वर्षाचा आकडा हा त्याच्या बाबतीत शेवटचा शब्द नव्हता, किंबहुना पहिलाही नव्हता. मी हे मुलीला सांगितले तेव्हा तिने शांतपणे विचारले, “म्हणजे आता घाई नाही ना?” हा प्रश्न ती मला विचारत होती की स्वतःला, हे मला कळले नाही, पण त्यानंतर तिचे जेवण सुधारले.

एक गोष्ट इथे मनापासून लिहायची आहे. मी स्वतः नववीपर्यंत खो-खो खेळत होते आणि बरी खेळत होते. नववी संपताच, दहावीचे वर्ष येते आहे म्हणून, मैदान बंद झाले. मग बारावी आली, आणि मग काहीच उरले नाही. माझ्या वर्गातल्या सगळ्याच मुलींचे असे झाले. तेव्हा कोणत्या वर्षी आमचे पाय जड झाले असते आणि कोणत्या वर्षी पुन्हा हलके झाले असते, हे कळायला आम्ही मैदानावर नव्हतोच. अमेरिकेत १९७२ च्या कायद्याने शाळा-महाविद्यालयांतल्या खेळांत मुलींना बरोबरीची संधी देणे बंधनकारक झाले, आणि त्यानंतर दोन-तीन पिढ्या मुली चारही वर्षे मैदानावर राहिल्या म्हणूनच अकरावीतली ती मंद वर्षे आता लोकांना ओळखता येतात. पुण्या-मुंबईतल्या, नाशिकमधल्या ज्या पालकांच्या मुली आज धावत आहेत त्यांना माझे एवढेच सांगणे आहे की दहावीला आणि बारावीला सराव कमी करा, पण बंद करू नका, आणि टायमिंगच्या आधी पाळीची चौकशी करा.

बारावीच्या उन्हाळ्यात मुलगी पुन्हा सहा वाजता पार्किंगमध्ये जाऊ लागली. आठवड्याला वीस मैल, मग पंचवीस, शेवटी बत्तीस. भावाच्या पंचेचाळीसला ती कधी पोहोचली नाही आणि तिला पोहोचूही दिले नाही. वजन अकरावीपेक्षा जास्त होते. सप्टेंबरमधल्या पहिल्या दोन शर्यती साधारण गेल्या. ऑक्टोबरमध्ये होल्मडेलला आदल्या रात्रीच्या पावसाने गवत निसरडे झाले होते, आणि माझ्या हिशेबाने तर त्या दिवशी सगळ्यांचेच टायमिंग वाढायला हवे होते. पहिल्या चढावर ती मागे होती, खूप मागे. मला तो जांभळा गणवेश आधी दिसलाच नाही. मी वाडग्याच्या काठावर गेले. ती खाली उतरली तेव्हा तिच्या समोर आठ-नऊ मुलींचा एक घोळका होता. वर येताना तिची मान ताठ होती आणि नजर चढाच्या माथ्यावर होती. निम्म्या चढावर ती त्या घोळक्याच्या मधून गेली आणि माथ्यावर आली तेव्हा त्यांतल्या सहा जणी तिच्या मागे होत्या. माझ्या बाजूने जाताना तिचा श्वास ऐकू आला, मोठा आणि एका लयीतला.

२१:०२. नववीपेक्षा त्रेपन्न सेकंद कमी, चार वर्षांत. ती संघात पाचवी आली आणि तिचा क्रमांक बेरजेत धरला गेला.

घरी आल्यावर मी नेहमीप्रमाणे पेन घेऊन कालनिर्णयाकडे गेले. तिने ते माझ्या हातातून घेतले आणि त्या शनिवारच्या चौकटीत आकडा स्वतः लिहिला. मग कपाटातून मागच्या वर्षीचे पान मागितले आणि २२:३० च्या शेजारी, तिथे जागा फार नव्हती म्हणून बारीक अक्षरात, ‘फेरिटिन ११’ असे लिहून ठेवले.